सत्तेचाळीस नंबरची लाइन

"माझ्या फोनमध्ये पाऊस ऐकू येतो," तो म्हणाला.

मी मान वर केली. ऑगस्टमधली रविवारची दुपार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकटीच, आणि माझी ओली ओढणी बॅटऱ्यांच्या मोठ्या चार्जरच्या मागे गरम हवेवर वाळत घातलेली. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. त्याच्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं आणि तो माझ्याकडे न बघता त्या ओढणीकडे बघत होता.

"भंडारदऱ्याच्या रस्त्यावर राहता, आणखी काय ऐकू येणार?" ओढणी ओढून घेत मी म्हटलं.

"बाहेरचा नाही मॅडम. तारेतला. फोन उचलला की चरचर... चरचर."

मी शेवगावची. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. इथे अकोले तालुक्याच्या डोंगरात तो घरजावई होऊन बसलेला. नोकरी लागून चौदा महिने झाले होते आणि बदलीचा अर्ज देऊन तेरा. तेव्हा पावसाच्या तक्रारींचं मला काही कौतुक उरलं नव्हतं. मी रजिस्टर उघडलं.

"नाव?"

"सम्राट."

"कुठल्या राज्याचे?"

"दोन कॉम्प्युटर आणि एक गळकं छप्पर," तो शांतपणे म्हणाला. "बाजारपेठेच्या मागे क्लास आहे माझा. एवढंच राज्य. फोन नंबर सत्तेचाळीस."

मला हसू आलं, पण ते मी मान खाली घालून रजिस्टरलाच दाखवलं.

मग त्याने खरी अडचण सांगितली. फोनवर बोलायला लाइन ठीक होती. पण तो फोनला मोडेम जोडून पुण्याला लावायचा, इंटरनेटसाठी, आणि मोडेम सेकंदाला नऊ हजार सहाशे बिटच्या वर चढत नव्हता. त्यातही तासाभरात कनेक्शन तुटायचं.

"एवढं काय आणायचंय?"

"एक व्हिडिओ."

"टेलिफोनच्या तारेतून? अहो, या तारेतून 'हॅलो' धड येत नाही."

"एकच मिनिटाचा आहे."

"कोणाचा?"

त्याने छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"वडिलांचा."

पुढे काही विचारावंसं वाटेना. मी तक्रार नोंदवली, पावती फाडली, सहीच्या खाली नाव लिहिलं. त्याने ते वाचलं. "यशोधरा," असं हळूच म्हणाला, जणू नाव बरोबर लागतंय का ते तपासत होता. दारातून वळून "जय भीम" म्हणाला आणि पावसात गेला. मी जय भीम म्हटलं ते रिकाम्या दाराला.

मंगळवारी आमचे लाइनमन रंगनाथ नाना आणि मी त्याच्या घरी गेलो. नानांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती आणि गावातला प्रत्येक खांब त्यांना नावानिशी ठाऊक. घर म्हणजे पुढे क्लास आणि मागे स्वयंपाकघर. मधल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याशेजारी फेटा बांधलेल्या रखमाजींचा, सम्राटच्या वडिलांचा. नाना शिडी लावून वर चढले आणि मी आत, विमलबाईंच्या, म्हणजे सम्राटच्या आईच्या, चुलीपुढे बसले.

"चौऱ्यान्नव साली एक गोरी पोर आल्ती बघ," त्या सांगू लागल्या. "भाताची गानी गोळा करीत हुती. आमच्या खाचरात चिखलात उभी ऱ्हायली आन् ह्यांचं गानं कॅमेऱ्यात घेतलं. म्हनली, पाठवते. मंग दोन वर्सांनी हे गेले. आन् मागच्या साली तिची कॅसेट आली. सरपंचाच्या घरी लावली, तर निसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा पळत्यात. आवाज बी न्हाई."

"तिकडची कॅसेट इकडच्या मशिनवर चालत नाही," सम्राट दारातून म्हणाला. "पद्धतच वेगळी आहे. मी तिला कळवलं. मग तिने त्यातला एका मिनिटाचा तुकडा तिच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवला. पण ती विद्यापीठ सोडतेय. ऑगस्ट संपला की तो तिथून काढून टाकतील."

"फोटू हाय माझ्याकं," विमलबाई म्हणाल्या. चुलीतलं लाकूड त्यांनी उगाच पुढे-मागे केलं. "चेहरा इसरायची न्हाई मी. पर आवाज... तो जात चाललाय बाई. काल गान्याची एक ओळ आठवली, तर माझ्याच आवाजात आठवली."

मी चहा प्यायले. तो गोड होता की नाही ते आजही सांगता येणार नाही.

नानांना सांध्यात पाणी सापडलं. त्यांनी तो सुकवला, नवा केला, वर मेण लावलं. सम्राटने मोडेम लावून बघितला. चौदा हजार चारशे. त्याने खडूने फळ्यावर हिशेब मांडला: साडेतीन एमबीचा तुकडा, सगळं सुरळीत चाललं तर चाळीस मिनिटं. मधेच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. पुण्याची लाइन रविवारी दुपारी मोकळी असते, म्हणून रविवारी.

"एक मिनिट बघायला चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

"तीन वर्षं थांबलो," तो म्हणाला, "चाळीस मिनिटांचं काय?"

निघताना विमलबाईंनी दोरीवरचं जांभळं लुगडं दाखवलं. रविवारसाठी धुतलेलं. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मंग? त्यांच्यापुढं काय फाटक्यात बसू?"

एक्स्चेंजच्या भिंतीवर एक लोखंडी चौकट असते, तिला आम्ही फ्रेम म्हणतो. गावातल्या प्रत्येक फोनच्या दोन तारा तिथे येऊन टेकतात. टेस्ट फोनचे दोन चिमटे त्या तारांना लावले की त्या घराची लाइन आपल्या कानात. तक्रार आलेली लाइन अशी तपासायची आणि वेळ रजिस्टरात लिहायची, हा नियम. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, हाही नियम. पण सत्तेचाळीसवर बोलणं नव्हतंच.

पंधरा ऑगस्ट त्या वर्षी रविवारीच आला. झेंडा झाला, नाना घरी गेले. दोन वाजता त्याने सुरू केलं असणार. मी घड्याळ बघत बसले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. शेवटी राहवेना, म्हणून उठले आणि चिमटे लावले.

शूऽऽऽ... अखंड, बारीक, दूरवर धरणाचं पाणी सुटावं तसा आवाज. दुसऱ्या कोणाला तो नुसता गोंगाट वाटला असता. मला मात्र वाटलं, तो आहे. तिकडे खुर्चीत पुढे वाकून बसलाय, शेजारी जांभळं लुगडं नेसलेली आई, आणि थेंब थेंब त्याचे वडील येतायत. मी दहा सेकंद ऐकलं, चिमटे काढले, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. दोन बावीस. आणि पुन्हा घड्याळापुढे जाऊन बसले.

पुन्हा तीन पंचवीसला ऐकलं. तेव्हाही आवाज होता.

चार वाजता तो आला. हातात वर्तमानपत्रात बांधलेली जिलेबी.

"आला व्हिडिओ?" मी उठूनच उभी राहिले.

"नाही. दोनदा तुटलं. दोन्हीदा निम्म्यावर. मधे पाऊण तास लाइनच लागेना." त्याने पुडा टेबलावर ठेवला. "ही आईने दिलीय. पंधरा ऑगस्टची. व्हिडिओची नाही."

मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी तो आला म्हणून बरंही वाटलं. माणसाचं मन असं नालायक असतं.

पुढचा आठवडा आम्ही दोष शोधण्यात घालवला. गुरुवारी क्लास सुटल्यावर तोही माझ्याबरोबर खांबाखांबाने फिरला. नाना पुढे, आम्ही मागे. मी रस्त्याकडेचा तारांचा डबा उघडला की तो माझ्या डोक्यावर छत्री धरायचा.

"माझ्यावर नको, डब्यावर धरा. मी भिजले तर वाळेन."

"तुमची ओढणी वाळत घालायची सोय मी पाहिलीय," तो म्हणाला आणि छत्री बरोबर मध्ये धरली. मीही निम्मी भिजले, डबाही निम्मा.

भाताच्या खाचरांत बायका वाकून निंदत होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"एक दिवस असा येईल," तो म्हणाला, "की आणायचंच नाही. घरात बसल्या बसल्या बटण दाबायचं आणि येतंय तसंच बघायचं. न अडखळता. भिंतीएवढं. गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसेल इतकं स्वच्छ."

"त्याला किती वेग लागेल?"

त्याने मनातल्या मनात आकडे मोडले. "आत्ताच्या हजारपट. जास्तच."

"मग तोवर आपण म्हातारे होऊ."

"आपण?" त्याने विचारलं.

"म्हणजे... सगळेच," मी म्हटलं आणि डब्यात डोकं घातलं. नाना पुढे खोकले. त्यांना खोकला नव्हता.

बावीस तारखेला पुन्हा तेच झालं. मी दोनदा चिमटे लावले, दोनदा तो आवाज ऐकला, दोनदा जीव भांड्यात पडला. आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेले तेव्हा विमलबाई रोजच्या लुगड्यात होत्या, जांभळ्याची घडी करून मांडीवर.

"ऱ्हाऊ दे रं सम्राट," त्या म्हणाल्या. "त्यांना यायचं न्हाई. जित्तेपनी बी बाजारातनं कधी येळंवर आले न्हाईत."

त्या हसल्या, पण पदर डोळ्यांकडे गेला. सम्राटने माझ्यासमोर एक वही सरकवली. कनेक्शन कधी लागलं, कधी तुटलं, सगळं नीट लिहिलेलं. "मला वाटतं यात काहीतरी सूत्र आहे," तो म्हणाला. "मला दिसत नाहीये."

मला दिसलं.

दोन बावीस. तीन पंचवीस. आजचं दोन एकोणीस. तीन तीस.

मी वही मिटली. "बघते," एवढंच म्हटलं आणि बाहेर पडले. एक्स्चेंजमध्ये जाऊन रजिस्टर उघडायची खरं तर गरज नव्हती, पण उघडलं. चारही वेळा, माझ्या अक्षरात, मिनिटाला मिनिट जुळत होत्या. चिमटे लावताना तारेत बारीकसा कट्ट होतो. बोलणाऱ्या माणसाला तो कळतही नाही. पण चालू मोडेमला तेवढा धक्का पुरे. तो चाचपडतो, सावरायला बघतो आणि माझे चिमटे निघाल्यावर काही सेकंदांत मान टाकतो. ट्रेनिंगमध्ये मोडेम कोणी शिकवला नव्हता, हे खरं. पण मी तपासायला थोडीच ऐकत होते?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या गावाचे खांब पालथे घातले, आणि दोष माझ्या हातात होता.

तीन दिवस मी गप्प राहिले. ते तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. सोपं होतं ना सगळं: येत्या रविवारी चिमट्यांना हात लावायचा नाही, व्हिडिओ येईल, सगळे म्हणतील सांधा सुकला, आणि मी वर जिलेबी खाईन. कोणाला कळणार होतं? पण विमलबाईंच्या मांडीवरची ती घडी डोळ्यांपुढून हलेना. आणि दुसरंही होतं. खोटं बोलून त्याच्या छत्रीत उभी राहिले असते, तर निम्मी काय, पूर्णच भिजले असते.

बुधवारी क्लासमध्ये गेले. मुलं गेली होती. मी रजिस्टर आणि त्याची वही शेजारी शेजारी ठेवली. त्याचं बोट एका ओळीवरून दुसरीवर गेलं, मग थांबलं.

"प्रत्येक वेळी?" त्याने विचारलं.

"हो."

"पण एकदा तपासून झालं होतं. नंतर का ऐकत होतात? त्यात तर काहीच ऐकू येत नाही."

मी भिंतीवरच्या रखमाजींच्या फोटोकडे बघितलं. त्यांच्याकडे बघून बोलणं सोपं गेलं.

"तुम्ही आहात, एवढं ऐकू येतं."

बाहेर कोणाची तरी म्हैस हंबरली. त्याने वही उचलली, रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. चेहऱ्यावर राग होता की काय, मला कळेना... आणि विचारायचा हक्क मी घालवला होता.

"आईला काय सांगू?" तो एवढंच म्हणाला.

"खरं ते सांगा."

गुरुवार गेला, शुक्रवार, शनिवार. फोन नाही, छत्री नाही. नानांना मी सगळं सांगून टाकलं होतं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. "पोरी," म्हणाले, "चाळीस वर्सं तारा जोडतोय मी. जोडलेली तार सारखी हलवून बघायची नसती."

एकोणतीस तारीख. शेवटचा रविवार. पाऊस कोसळत होता. दोन वाजले आणि मी खुर्ची फ्रेमकडे पाठ करून ठेवली. हात मांडीवर, बोटं बोटांत अडकवून. नाना समोर बसले होते, पहाऱ्यावर बसल्यासारखे.

दोन वीस. आजवर याच वेळी उठायचे. लाइन तुटली असेल का? की चालू असेल? चिमटे टेबलावर, हातभर अंतरावर. तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून ऐकत होते. आज पहिल्यांदा त्याच्यासाठी काही करत होते, आणि ते म्हणजे काहीच न करणं. दोन तीस. दोन पस्तीस. मी ओठ चावत होते. दोन चाळीसला नानांनी चिमटे उचलून स्वतःच्या खिशात टाकले.

दोन एकावन्नला टेबलावरचा फोन वाजला.

"यशोधरा?" मॅडम नाही. यशोधरा. "आलेत. आईने अजून लावू दिलं नाही. म्हणते, त्या पोरीला बोलाव, मगच."

नानांनी नुसती मान हलवली. छत्री घ्यायचं मला सुचलंच नाही.

विमलबाई जांभळ्या लुगड्यात, खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. मी दारातच थबकले. "ये," त्या म्हणाल्या. "सांगितलंय मला ह्यानं समदं. आगं, भात शिजतो का बघायला मी बी सारखं झाकन काढायची लग्नाच्या साली. लई कच्चा भात खाल्ला त्यांनी. बस."

सम्राटने बटण दाबलं.

काड्यापेटीएवढं चित्र. हिरवा-तपकिरी चिखल, मध्ये फेट्याचा पांढरा ठिपका, हलताना अडखळणारा. आणि आवाज. बारीक, खरखरीत, पण सरळ काळजातून निघालेला: "पान्यात पाय माझं, जीव बांधावर गं..." विमलबाईंचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ. गाणं संपलं, तो फेटा बाजूला वळला आणि कॅमेऱ्याबाहेरच्या कोणाला तरी रखमाजी म्हणाले, "विमल, च्या ठेव गं. पाहुनी भिजली."

चित्र थांबलं.

"ठिवते," विमलबाई म्हणाल्या, आणि खरंच उठून आत गेल्या.

आम्ही दोघं तिथेच. आतून भांड्याचा आवाज आला, मग हुंदक्याचा, मग पुन्हा भांड्याचा. सम्राटच्या डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही. त्याने खुंटीवरचा टॉवेल काढून माझ्यापुढे धरला. मी टिपटिप गळत होते.

"रागावला होतात?" मी विचारलं.

"दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नुसताच हिशेब करत होतो. चार वेळा ऐकलंस तू मला. मी एकदाही तुला ऐकलं नाही." टॉवेल त्याने माझ्या हातात ठेवला. "मला तू आवडतेस, यशोधरा. पुढच्या रविवारी मोडेम लावणार नाही. फोन करीन. बोलशील?"

"लाइन तुटली तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, बदलीच्या अर्जाचं स्मरणपत्र धाडायचं का. राहू द्या, मी म्हटलं. त्यांना पुन्हा तो खोकला आला.

आता आमच्या घरात भिंतीएवढा टीव्ही आहे आणि त्याने सांगितलेल्या हजारपटीहून जास्त वेग. बटण दाबलं की जगातलं काहीही दिसतं, कपाळावरच्या घामासकट. कधी चित्र अडकलं तर सम्राट माझ्याकडे वळून विचारतो, "चिमटे कोणी लावले?" केस दोघांचेही पांढरे झालेत, मी म्हटलं होतं तसे.

तो एका मिनिटाचा तुकडा मात्र भिंतीवर लावता येत नाही. मोठा केला की रखमाजींचे नुसते चौकोन होतात. म्हणून आम्ही तो अजूनही काड्यापेटीएवढाच बघतो, डोक्याला डोकं लावून. विमलबाई जाऊन सहा वर्षं झाली. पण शेवटी तो फेटा वळतो, चहा मागतो, आणि आमच्यातलं कोणीतरी "ठिवते" म्हणत उठतं. बहुतेक वेळा सम्राटच.